लुगडी संपली, तशी गोधडीही

यवतमाळ जिल्ह्यात घराघरांत कापूस असायचा, पण अंथरुणा-पांघरुणात मात्र तो नसायचा. दसऱ्यानंतर वेचणी लागली की ओसरी, माजघर, कुठे कुठे तर निजायची खोलीसुद्धा कापसाने भरून जायची. पोरं त्या ढिगावर उड्या मारत आणि रात्री अंगाला खाज सुटली की रडत. मग तो ढीग बंडीत भरून जिनाकडे जायचा, आणि घरातली माणसं निजायची जुन्या लुगड्यांच्या, धोतरांच्या, सदऱ्यांच्या थरांवर. कापूस हा विकायचा माल. पिंजाऱ्याला बोलावून गादी भरून घ्यायची ती मुलीच्या लग्नात द्यायला, फार तर पाहुण्यांसाठी. रोजची ऊब चिंध्यांची.

या चिंध्यांच्या गोधडीचा, आमच्याकडच्या वाकळीचा, गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांचा माग काढायचा तर सुईदोऱ्यापेक्षा कापडाकडे जास्त बघावं लागतं. आजीला वेळ होता, आईला नव्हता, मुलीला आवड नाही, असं एक सोपं उत्तर आपण देऊन मोकळे होतो. मला ते पटत नाही. दिवसभर निंदण करून आलेली, घरचं पाणी भरणारी, जात्यावर दळणारी बाई रात्री कंदिलाच्या उजेडात टाके घालत बसायची. तिला वेळ होता असं कोण म्हणेल? वेळ कधीच नव्हता. गरज होती, आणि गोधडीला चालेल असं कापड होतं. पुढे आधी कापड गेलं, मग गरज गेली.

हे कापड आलं कुठून, ते बघायला थोडं मागे जावं लागेल. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला. त्या धामधुमीत वऱ्हाडात आगगाडी आली. पुढे १९०३ च्या सुमारास मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हामार्गे यवतमाळपर्यंत अरुंद रूळ टाकले गेले, तीच आपली शकुंतला रेल्वे. तेव्हा जिल्ह्याचं नावसुद्धा यवतमाळ नव्हतं, वणी होतं. नाव बदललं १९०५ साली. शकुंतलेच्या डब्यांतून गाठी बाहेर जायच्या आणि तयार कापड परत यायचं. आधी विलायती, मग नागपूरच्या एम्प्रेस मिलचं, हिंगणघाटचं, पुलगावचं. रेशीमकाठी लुगडी-धोतरं उमरेड-पवनीकडच्या कोष्ट्यांच्या मागावरची, पण ती सणावाराला. रोजच्या वापराला मांजरपाट आणि मिलची जाडीभरडी लुगडी.

असं वाटेल की कापसाच्या मुलखात कापडाची ददात नसेल. उलटं होतं. दुसऱ्या महायुद्धात कापडाचा इतका तुटवडा झाला की सरकारला १९४३ साली कापडावर नियंत्रण आणावं लागलं. मिलला कापडावर किंमत छापावी लागे. स्वातंत्र्यानंतरही साठच्या दशकात 'कंट्रोलचं कापड' आलंच. वर्षाला दोन लुगडी हा चांगल्या घरचा हिशेब होता. लुगडं विरलं की दांड घालून नेसायचं, आणखी विरलं की त्याचं परकर-पोलकं, मग बाळाची दुपटी, झोळी, आणि त्यातूनही जे उरेल ते वाकळीसाठी गाठोड्यात. "फेकू नको वं, वाकयीत कामी येते" हे वाक्य ज्या घरात ऐकू आलं नाही असं घर जिल्ह्यात नसावं. तिकडे स्वातंत्र्याच्या लढ्यात १९३० साली वणीच्या बापूजी अण्यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला, देशभर विलायती कापडाच्या होळ्या झाल्या. गाठोडं बांधणारीला मात्र देशी काय आणि विलायती काय, सगळं सुती असलं की पुरे. आदल्या पिढीतले विलायती छिटाचे तुकडे आणि खादीच्या धोतराचा पन्हा एकाच गोधडीत शेजारी शेजारी नांदताना मी पाहिले आहेत.

शिवायचा हंगाम उन्हाळ्याचा. पऱ्हाट्या उपटून झाल्या, वावरात काम नाही, पाऊस लांब आहे, अशा चैत्र-वैशाखात आंगण सारवून घ्यायचं आणि त्यावर आधी अस्तर पसरायचं. नऊवारी लुगडं म्हणजे साधारण आठ मीटर. त्याचे चार भाग केले की प्रत्येक दोन मीटरचा. दोन जोडून अस्तर, दोन जोडून वरची बाजू. दोघांना पुरेल एवढी गोधडी एका लुगड्यात बसते, आणि हे गणित पाटीवर न मांडता बायांना यायचं. अस्तरावर थर घालायचे: धोतराचे पन्हे, टॉवेल, बनियनची धडकी, आणि आधीची जीर्ण गोधडी असेल तर तीच आख्खी. चारी कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, काही तरी जड ठेवायचं, हाताने सुरकुत्या काढायच्या आणि मोठमोठ्या टाक्यांनी टाचून घ्यायचं. मग खरी शिलाई. चारही बाजूंनी चौघी बसल्या की काम पळायचं आणि गप्पाही. साडेचार फूट रुंद, सहा फूट लांब गोधडीला बोटभर अंतराने धावदोरा घातला तर सत्तरेक ओळी होतात, म्हणजे चारशे फुटांवर शिवण. टाक्याचं अंतर सेंटिमीटरभर धरलं तर बारा हजारांच्या वर टाके. हे मी कागदावर मांडलं तेव्हा जरा वेळ गप्प बसलो.

सगळ्याच गोधड्यांना वरून आख्खं लुगडं मिळायचं नाही. लुगडं पुरेसं धड नसेल तर वरची बाजू तुकड्यांची व्हायची, आणि इथेच चौकोनाचा प्रश्न येतो. वाकळीवर गोल, पानं-फुलं कमी. चौकोन आणि लांबट पट्ट्या जास्त. का? सुती कापड उभ्या-आडव्या धाग्याचं असतं. काठाशी दातांनी चीर दिली आणि दोन्ही हातांनी ओढलं की ते धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं, कात्री लागत नाही. सरळ फाटलेले तुकडे चौकोनी नाहीतर आयताकृतीच निघणार. तिरपा कापलेला तुकडा ताणला जातो, त्याला झोळ येतो आणि शिवताना तो शेजारच्याला ओढून नेतो. सरळ धाग्याचा चौकोन जागेवर बसतो. शिंप्याकडची कातरण मागून आणायची तीही चोळीच्या, पायजम्याच्या कापणीतली, तिच्यात त्रिकोण येत. असे त्रिकोण दोन-दोन जोडून आधी त्यांचा चौकोन करायचा, मग तो ओळीत घ्यायचा. नक्षी म्हणून कुणी हे ठरवलेलं नव्हतं. कापडानेच ते ठरवलं होतं.

आणि डोळ्याला चौकोनाची सवय होतीच. आपल्याकडे जुन्या पद्धतीने कापूस लावताना वावरात उभ्या-आडव्या रेघा ओढून त्यांच्या फुलीवर सरकी टोबत, म्हणजे डवरा दोन्ही बाजूंनी फिरवता येतो. चौफुलीवर दिवसभर वाकून सरकी टोबणारी बाई गोधडीवर चौकोन मांडताना फार वेगळं काही करत नव्हती.

शेताचा आणि ठिगळाचा हा संबंध फार जुना आहे. बौद्ध भिक्खूंचं चीवर तुकडे जोडून शिवलेलं असतं. विनयपिटकात कथा आहे: प्रवासात बुद्धांना मगधातली बांधांनी आखलेली भातशेती दिसली आणि तशा आखणीचं चीवर करता येईल का, असं त्यांनी आनंदाला विचारलं. आनंदाने ते करून दाखवलं. चिंधीला मान देणारी अशीच एक परंपरा आपल्या वऱ्हाडातही झाली. शेंडगावला जन्मलेले गाडगेबाबा ठिगळांचा अंगरखा घालून गावोगाव झाडू मारत फिरले, आणि लोक त्यांना कुठे गोधडेबुवा तर कुठे चिंधेबुवा म्हणायचे.

जिल्ह्याच्या पश्चिमेला पुसद, दिग्रस, आर्णी, महागावकडे गेलं की बंजारा तांड्यांत तुकड्यांची वेगळीच श्रीमंती दिसते. वाकळीत चिंधी लपते, तिथे ती मिरवते. फेटिया, कांचळी, टुकरी या बायांच्या कपड्यांत लाल-पिवळ्या-निळ्या चौकोनी तुकड्यांवर आरसे, कवड्या आणि नाणी, आणि त्यांच्यामधून इतकं बारीक टाकेकाम की कापड जाड पुठ्ठ्यासारखं होतं. वसंतराव नाईकांच्या गहुलीचा हा मुलूख. नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते, पण तांड्यातल्या बायांच्या सुईला राजाश्रय मिळाला असं काही म्हणता येत नाही. कर्नाटकात सोंडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच बंजारा समाजाचं, तितक्याच तोलाचं काम आपल्याकडे लग्नापुरतं आणि सणापुरतं उरत चाललंय. याचं वाईट वाटतं, आणि थोडा रागही येतो.

आमच्या घरात एक वाकळ अजून आहे. वापरात नाही, कपाटात आहे. वरच्या बाजूला मधोमध तीन बाय तीन असे नऊ चौकोन, हातभर लांबीचे, पण एकही दुसऱ्याच्या मापाचा नाही. एक खाकी, शाळेच्या अर्ध्या चड्डीचा. खिसा उसवून काढल्याची गडद खूण अजून दिसते. एक निळ्या पट्ट्यांच्या पायजम्याचा. दोन छिटाचे, बारीक फुलांचे. एका पांढऱ्या तुकड्यावर मिलच्या शिक्क्याची जांभळी अक्षरं आहेत, धुऊन धुऊन इतकी पुसट की वाचता येत नाहीत, पण तो थानाच्या टोकाचा तुकडा हे कळतं. या नऊ चौकोनांभोवती लुगड्याच्या काठाची चौकट, लाल, चार बोटं रुंद, आणि कोपऱ्यात काठ दुमडून पक्का केलेला. कडेने काळ्या कापडाचा गोट. टाके काठाशी बारीक आणि मध्याकडे जाता जाता लांब होत गेलेत: कडेला जोर होता, मधे पाठ दुखायला लागली असावी. एका बाजूला शिवण वेगळ्याच हाताची आहे, टाका तिरपा पडणारी. एक कोपरा उसवलाय आणि त्यातून आतल्या थराची आणखी एक गोधडी डोकावते. तिच्या चौकोनांचे रंग मात्र उन्हापाण्यापासून वाचल्यामुळे वरच्यापेक्षा ताजे आहेत.

सत्तरच्या दशकात या चौकोनांत पहिला परका पाहुणा शिरला तो टेरिकॉट. मग नायलॉन, मग सुरतेच्या छापील साड्या. लुगडं जाऊन पाचवारी आली तेव्हा नुसती लांबी घटली नाही, कापडच बदललं. बायांना सिंथेटिक साडी आवडली यात नवल नाही. ती धुवायला हलकी, तासाभरात वाळते, इस्त्री नको, विरत नाही, दांड घालावा लागत नाही. ज्या बाईने आयुष्यभर ओलं नऊवारी पिळलं, तिला ही सुटकाच होती, आणि आज शहरात बसून सुती लुगड्याचे गोडवे गाणाऱ्यांनी ते एकदा पिळून बघावं. पण गोधडीच्या दृष्टीने ही साडी कुचकामी. ती सरळ फाटत नाही. थरात घातली तर सरकते, घाम शोषत नाही, दोरा तिच्यावर घसरतो, आणि शेकोटीची ठिणगी पडली की वितळून चिकटते. काही वर्षं बायांनी नेटाने प्रयत्न केला. त्या काळातल्या गोधड्या ओळखू येतात: वरून चमकणाऱ्या, आत गोळे झालेल्या.

त्यानंतर स्वस्त पांघरुणं आली. आधी सोलापुरी चादर, मग बाजारात ढिगाने मिळणारी ब्लँकेटं. या ब्लँकेटांपैकी कितीतरी पानिपतची. जगभरातून आलेले जुने लोकरी कपडे तिथे फाडून, पिंजून, पुन्हा सूत काढून ब्लँकेटं विणली जातात. म्हणजे आपण घरच्या चिंध्यांची गोधडी टाकली आणि परदेशातल्या चिंध्यांचं ब्लँकेट विकत घेतलं. मराठी माणसाचा पानिपतशी व्यवहार एकूण आतबट्ट्याचाच. नव्वदच्या दशकात यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत रेमंडचा डेनिमचा कारखाना आला. जीन्स सुती खरी, पण तिचे तुकडे चार थरांत घातले की हातची सुई मोडते. लेगिंग आणि टी-शर्ट तर ताणणारं विणलेलं कापड. त्याचा चौकोन कापून ठेवला की कडा गुंडाळून बसतात. आता प्रत्येक घरात कपड्यांचा एवढा ढीग आहे की आजीला तो पाहून भोवळ आली असती, आणि त्यात वाकळीला लागणारं कापड हुडकावं लागतं.

कापसाचं पुढे काय झालं ते जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. १९७२ पासूनची एकाधिकार खरेदी, २००२ साली आलेलं बीटी बियाणं, २००६ मध्ये पंतप्रधानांचा दौरा आणि पॅकेज, आणि या सगळ्यातून न थांबलेल्या आत्महत्या. यात गोधडीचा विषय काढणं काहींना चोचले वाटतील. पण वेचलेला कापूस आता घरात फार दिवस थांबत नाही आणि फाटलेलं कापडही थांबत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच घरात घडल्या आहेत.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत गोधडी परतली, पण दुसऱ्या दाराने. महिला आर्थिक विकास महामंडळाचे (माविम) आणि 'उमेद' अभियानाचे बचत गट, शिलाईचे वर्ग, पायमशीन, प्रदर्शनातला स्टॉल. इथे शिकवतात ते ब्लॉकचं काम: आधी तुकडे जोडून चौकोनी ठोकळे करायचे, मग ठोकळे जोडून पूर्ण पान, मग आतला थर, मग अस्तर. हाताच्या वाकळीत तुकडा थेट थरांवर ठेवून, कडा आत दुमडून, सगळं एकदम शिवलं जायचं. माप चुकलं तरी शेजारचा तुकडा सामावून घ्यायचा. मशीनवर तसं चालत नाही. पाच इंचाचा चौकोन कापला आणि चारी बाजूंना पाव इंच दाब सोडला की तो साडेचारचा होतो. असे नऊ जोडले की साडेतेरा इंचाचा ठोकळा. चार ठोकळे रुंदीत, पाच लांबीत म्हणजे चौपन्न इंच बाय साडेसदुसष्ट: एकूण वीस ठोकळे, एकशे ऐंशी तुकडे. एखाद्या टिपेत दोऱ्याएवढा फरक पडला तर शेवटच्या ओळीत तो बोटभर होऊन बसतो. म्हणून शिकणारीला पहिली सवय लावायची ती दाब सारखा ठेवण्याची, आणि दुसरी प्रत्येक टीप मारल्यावर दाब एका बाजूला इस्त्रीने बसवण्याची. शेजारच्या दोन ओळींतला दाब उलट दिशांना वळवला की चौकोनांचे कोपरे एकमेकांत नेमके अडकतात. हे कळलं की बाकीचं सगळं धीराचं काम.

दिसायला ही गोधडी देखणी असते, जुनीपेक्षा नक्कीच. माझी तक्रार दोनच गोष्टींबद्दल. एक, नवंकोरं कापड विकत आणून, ते बारीक कापून पुन्हा जोडणं. आजीने हे पाहिलं असतं तर घरात कुणाचं तरी डोकं फिरलं असं ती म्हणाली असती. दुसरी, आत भरलेला पॉलिएस्टरचा थर. यवतमाळ जिल्ह्यात शिवलेल्या सुती गोधडीच्या पोटात पॉलिएस्टर असावं, ही गोष्ट मला काही केल्या पचत नाही. गटातल्या बाया म्हणतात, गिऱ्हाइकाला हलकी लागते, मशीनमध्ये धुवायची असते. त्यांचं खरं आहे; घर त्यांना चालवायचं आहे.

दूर अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचं गाव आहे. तिथेही कापूस, तिथेही गरिबी. कापसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून आणलेल्यांच्या लेकी-नाती जुन्या कामाच्या कपड्यांचे चौकोन आणि पट्ट्या जोडून गोधड्या शिवत आल्या. ज्या युद्धाने त्यांच्या पूर्वजांची गुलामी संपवली, त्याच युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला भाव दिला. १९६६ साली त्या भागातल्या बायांनी सहकारी संस्था काढली. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात गीज बेंडच्या गोधड्या भिंतीवर लागल्या, मग न्यूयॉर्कला, आणि २००६ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली. प्रत्येक गोधडीखाली शिवणारीचं नाव. त्यांचे चौकोनही वाकडेतिकडेच आहेत. मापात एकही नाही. आपल्याकडे गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत आख्खं पुस्तक केलं. पण गोधडीवर नाव घालायची पद्धत आपल्यात कधी नव्हती, आणि घरोघरच्या पेट्यांतल्या वाकळी कुणाच्या हातच्या हे सांगणारी माणसं आता मोजकीच उरली आहेत.

म्हणून एवढंच सांगणं आहे. घरात जुनी गोधडी असेल तर ती गाडी पुसायला किंवा कुत्र्याखाली घालू नका. वर्षातून एकदा सावलीत पसरून हवा द्या, घडी दर वेळी वेगळ्या जागी मोडा म्हणजे त्या रेषेत कापड चिरत नाही, आणि कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता सुती फडक्यात बांधा. शिवणारी हयात असेल तर तिच्याजवळ बसून कोणता चौकोन कशाचा ते विचारा. मग सुती पट्टीवर तिचं नाव, गाव आणि साल लिहून ती पट्टी मागच्या बाजूला चार टाक्यांनी लावून टाका. हे काम याच उन्हाळ्यात उरका. वयाची ऐंशी ओलांडलेल्या बायांना पुढच्या वर्षी विचारू म्हणणं बरं नव्हे.